घरत रायटर आणि दिल्लीचा आयोग

चौल नाक्यावर मानवी हक्क आयोगाचं कार्यालय होतं, असं आमच्याकडची निम्मी माणसं आजही शपथेवर सांगतील. कार्यालय म्हणजे माझ्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेरची एक प्लास्टिकची खुर्ची, आणि आयोग म्हणजे तिच्यावर बसणारे गजानन घरत. खरा आयोग दिल्लीला. पण बाजाराला आलेल्या बायका दारातून विचारायच्या, "आयोग आलेत का गो आज?" आणि मी आतून ओरडायची, "जेवायला गेलेत!"

घरत पोलिसात रायटर होते. ज्यांना ठाण्याची पायरी चढायची वेळ आली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगते, रायटर म्हणजे ठाण्यातला लिहिणारा. पंचनामा, जबाब, डायरी, वर पाठवायचे अहवाल, सगळं त्याच्या हातचं. साहेब येतात, बदलून जातात. रायटरचं टेबल हलत नाही. घरतांनी अशी तीसेक वर्षं काढली. कुठल्या ठाण्यात ते मी लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका.

बुटका माणूस. पांढरा इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं. मी एकदा दुकानातलं हिरवं पेन पुढे केलं तर विंचू दाखवल्यासारखे मागे सरले. "हिरवी शाई सायबाची. आपल्या बापजन्मात ती आपली न्हाय." बोलण्यातसुद्धा पंचनामा. डब्यातली भाजी खाऊन म्हणायचे, "सदर वांगी कालच्यापेक्षा बरी हाय." शेवंताकाकू, त्यांची बायको, सांगायची, "या मानसानं लग्नात नाव घेतलं त्येपन तारीख घालून."

आणखी एक खोड. कागदावर मजकूर संपला की खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची. का, तर मागाहून कुणी काही घुसडू नये. ही रेघ त्यांनी माझ्या वाण्याच्या यादीखालीही मारलेली आहे. मी चिडले तर म्हणाले, "बाय, तुना ठाव न्हाय. मोकली जागा ठेवली की तिथं दुसऱ्याचं अक्षर येतं."

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर नागावला खोल्या बांधून पर्यटकांना भाड्याने देतात. घरत आयोगाला तक्रारी लिहायला लागले. फुकट. तक्रार घेऊन आलेल्याचा चहादेखील घ्यायचे नाहीत. हे खूळ कुठून शिरलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, लिहिणाऱ्या हाताला खाज असते. त्यांनी कागदावर लिहायचं, मी टाईप करून आयोगाकडे पाठवायचं, असं आमचं चालायचं. आयोगाला मराठी चालतं, फी लागत नाही, वकील लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. आणि पत्ता कायम 'मार्फत' माझ्या दुकानाचा, कारण वाडीवस्तीवर टपाल पोचत नाही.

आयोगाची खरी ओळख मला एका कोळणीच्या तक्रारीत झाली. तिला कळा सुरू असताना एका आरोग्य केंद्राच्या दारातून परत पाठवलं होतं. रिक्षात बाळंत झाली, मूल गेलं. घरतांनी दीड पान लिहिलं. काही महिन्यांनी दिल्लीहून नोटीस सुटली आणि एका सकाळी दोन सरकारी गाड्या त्या कोळणीच्या दारात उभ्या राहिल्या. साहेब लोक सुकत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत आत गेले आणि म्हणाले, "ताई, तुमची आता काही तक्रार नाही ना?" घरतांनी तिला एकच वाक्य पढवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "लेखी द्या." साहेब काहीही बोलले की ही आपली, "लेखी द्या." शेवटी त्यांना लेखी द्यावं लागलं. मूल काही परत आलं नाही, पण त्या केंद्रात रात्रपाळीची नर्स आली, ती आजही आहे.

मी त्या दिवशी खूश होऊन म्हटलं, "काका, तुमचा आयोग म्हणजे भारीच की."

"भारी कसला? त्याच्या हातात काठी न्हाय. तो कोनाला आत टाकत न्हाय, नोकरीवरनं काढत न्हाय. तो फकस्त इचारतो. पन दिल्लीवरनं इचारलं का खालच्याला उत्तर लिवावं लागतं. आनि उत्तर लिवताना मानूस सापडतो."

मला हे वाक्य फार आवडलं होतं. आता ते आठवायलाही नको वाटतं.

सोमी आली ती भर उन्हाची. डोंगराकडच्या कातकरी वाडीवरची, पंचविशीची असेल. तिच्या नवऱ्याला, चंदरला, एका बंगल्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली म्हणून ठाण्यात नेलं होतं. आमच्याकडे बंगल्यातलं काही गेलं की आधी कातकऱ्याला उचलतात, मग मोटर शोधतात. तिसऱ्या दिवशी तिला निरोप आला की नवरा वारला, येऊन घेऊन जा. छातीत दुखलं म्हणाले. तिने पाठ बघितली होती. पाठीचं वर्णन ती करत होती तेव्हा मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

"तुना काय पायजे, बाय?" घरतांनी विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे.

"आयोगसायबानं कागद द्यावा," सोमी म्हणाली. तिला आयोग म्हणजे कुणी एक मोठा साहेब वाटत होता, आणि आम्ही ते दुरुस्त केलं नाही. "लिवून द्यावं का त्यांनी त्याला मारला. ते बोलतात तो आपसूक मेला. माजी पोरगी मोठी होऊन इचारंल. तिला दाखवाया कागद पायजे."

घरत लिहू लागले. ती बोलत होती, रडत होती, पुन्हा बोलत होती. मध्येच म्हणाली, "त्याला वाचाच न्हवती हो. जलमापासनं मुका. मार खाताना वराडला बी नसंल."

मी टाईप करायला कागद घेतला तर त्यात हे नव्हतं. मी म्हटलं, "काका, मुका होता ते राहिलं."

"राह्यलं न्हाय, काढलं."

"का?"

"रडं येगलं, तक्रार येगली. आयोगाकडं रोज हजार कागद येतात. तारीख, येल, जागा, कोनी नेलं, कवा मेला, पाठीवर काय होतं. मुका होता का बोलका, त्यानं मरनात काय फरक पडतो?"

मी वाद घातला. मी काही कमी तोंडाची नाही. पण ते तीस वर्षं लिहिलेले, मी झेरॉक्स काढणारी. मी सांगितलं तसं टाईप केलं. त्या दिवशी मी हट्ट केला असता तर, असं अजून मनात येतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

दिल्लीहून नोटीस गेली. कोठडीतल्या मरणाची आयोग चटकन दखल घेतो. पावसाळा गेला, दिवाळी झाली, सोमी वाडीतल्या सगळ्यांबरोबर वीटभट्टीवर कामाला गेली. जाताना भट्टीमालकाचा फोन नंबर पाठ करून मला सांगून गेली. आणि मग ठाण्याचा अहवाल आला. आयोगाची पद्धत अशी, की ठाण्याने दिलेलं उत्तर तक्रारदाराला पाठवतात आणि विचारतात, यावर तुमचं काय म्हणणं? ठरल्या मुदतीत म्हणणं गेलं नाही तर आहे त्या कागदांवर निकाल.

घरत नेहमीसारखे खुर्चीत बसून वाचत होते. मी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड काढून देत होते. जरा वेळाने बघितलं तर कागद मांडीवर होता आणि ते रस्त्याकडे बघत होते.

"काय म्हणतायत?"

त्यांनी बोटाने चौथा परिच्छेद दाखवला. मी मोठ्याने वाचला. सदर इसमास पहाटेचे सुमारास अस्वस्थ वाटू लागल्याने त्याने पाणी मागितले. पहाऱ्यावरील अंमलदाराने तत्काळ पाणी दिले. पाणी पिऊन सदर इसम 'साहेब, आता बरं वाटतं' असे म्हणाला व भिंतीस टेकून बसला. त्यानंतर काही वेळाने...

"मुका माणूस म्हणाला?" मी अक्षरशः किंचाळले. "काका, सापडले! अहो, उत्तर लिहिताना सापडले!"

ते हसले नाहीत. म्हणाले, "यो मजकूर माझा हाय."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, तसंच रस्त्याकडे बघत. नोकरीच्या सुरुवातीला त्याच ठाण्यात गंगाराम हिलम नावाचा एक कातकरी मेला होता. साहेब म्हणाले, घरत, तुझं अक्षर चांगलं, भाषा चांगली, नीट लिही. यांनी नीट लिहिलं. नुसतं 'छातीत दुखून मेला' कुणाला पटलं नसतं, म्हणून पाणी घातलं, बरं वाटणं घातलं, भिंतीला टेकवलं. वरिष्ठांनी शेरा मारला, अहवाल उत्तम. घरतांनी तो मजकूर आपल्या नमुन्यांच्या वहीत उतरवून ठेवला. ती वही ठाण्यातच राहिली. पुढच्या रायटरांनी त्यावरून हात बसवला, मग कुणीतरी ती कॉम्प्युटरमध्ये चढवली. आता चंदरच्या वेळी कुणी पोराने नाव आणि तारीख बदलली आणि पाठवून दिलं.

"माझ्या वहीवर तीन रायटर तयार झाले, असं मी सांगत असायचो ना तुना," ते म्हणाले. हो, सांगायचे. अभिमानाने सांगायचे.

आता तुम्ही म्हणाल, चंदर मुका होता एवढं कळवलं की झालं. आम्हीही आधी तेच कळवायचं ठरवलं. पण मुका असल्याचा दाखला कुठे होता? अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला जिल्ह्याच्या इस्पितळात चार खेपा घालाव्या लागतात, आणि चंदरकडे रेशनकार्डसुद्धा नव्हतं. वाडीतल्यांनी सांगितलं असतं, तर ते नातलग. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूळ तक्रारीत ते नव्हतंच. आता लिहिलं तर ठाणं म्हणणार, ही मागाहून सुचलेली गोष्ट. घरतांनी स्वतःच्या हाताने ते काढलं होतं.

"मंग आता एकच उरतो," ते म्हणाले. "यो मजकूर चंदरच्या आधीचा हाय, ह्ये सांगनारा."

उठले आणि घरी गेले. त्यानंतर आठ दिवस खुर्ची रिकामी. मी मुदतीचे दिवस मोजत होते. मला त्यांचा राग येत होता, आणि कीवही येत होती, आणि दोन्हींची लाजही वाटत होती. भट्टीवर फोन लावला तर मालक म्हणाला सोमी कामावर आहे, आणि ठेवून दिला.

त्यांच्याऐवजी नितीन आला, त्यांचा मुलगा. तोही पोलिसात शिपाई, जिल्ह्यातच. गणवेश नव्हता घातला. काउंटरला टेकून हळू आवाजात म्हणाला, "सुनंदाकाकी, बाबा काय लिहायला लागले तर टाईप नका करू. हात जोडतो. ते तर जातील पेन्शन घालवून, मला तिथेच दिवस काढायचेत."

मी म्हटलं, "नितीन, तो माणूस मुका होता रे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "सगळ्या ठाण्याला ठाऊक आहे." आणि मोटरसायकल काढून निघून गेला.

नवव्या दिवशी घरत आले. शर्टाला इस्त्री नव्हती. खुर्चीवर बसले नाहीत, पहिल्यांदाच आत येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "लिवून आनलं न्हाय. सांगतो, तू टाईप कर." मी नितीनचं बोलणं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "माझ्याकडं पन आलता. टाईप कर."

मी टाईप केलं. 'अहवालातील परिच्छेद चारमधील मजकूर माझ्या स्वतःच्या हातचा असून, तो मी गंगाराम हिलम या इसमाच्या मृत्यूच्या वेळी, खोटा असल्याची पूर्ण जाणीव असताना लिहिलेला आहे.' नाव, हुद्दा, बक्कल नंबर. मूळ अहवाल कुठल्या कार्यालयात कुठल्या फायलीत सापडेल तेही. मग थांबले. मला वाटलं संपलं.

"पुढं लिव. गंगारामनं पानी मागितलं होतं. कोनी दिलं न्हाय. माठ माझ्या टेबलाच्या बाजूला होता. मी लिवत होतो."

मी बोटं उचलली. म्हटलं, "काका, हे लागणार नाही. आयोगाला तारीख आणि पुरावा..." त्यांचंच वाक्य मी त्यांना सांगत होते.

"लागंल का न्हाय ते आयोग बघंल. काढायचं न्हाय. एकदा काढलं त्याचं काय झालं बघितलंस ना?"

प्रिंट काढली. त्यांनी सही केली, तारीख घातली. खालची जागा कोरीच राहिली. मी रेघेसाठी पेन पुढे केलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

पुढे जे झालं ते आमच्या भागात कधी झालं नव्हतं. आयोगाने ठाण्याला पुन्हा विचारत न बसता आपली स्वतःची माणसं पाठवली. दोघं होते, एक मध्यमवयीन बाई आणि एक गृहस्थ, साधे कपडे, अलिबागहून भाड्याची गाडी. ठाण्याचा चहा घेतला नाही, सरकारी विश्रामगृहात उतरले नाहीत. आधी वीटभट्टीवर गेले, मग वाडीवर. जुनी फाईल त्यांना मिळाली, वाळवी लागलेली पण वाचण्याजोगी. दोन कागद शेजारी ठेवले तर नाव-तारखेखेरीज एक शब्द वेगळा नव्हता. घरतांचा जबाब त्यांनी माझ्याच दुकानात घेतला. त्या बाई हिंदीत विचारत होत्या, घरत मोडक्या हिंदीत सांगत होते, आणि मी शटर अर्धं ओढून बाहेर गिऱ्हाइकं थोपवून धरली होती.

गावाने काय केलं? गावाने जे करायचं तेच. काही जण पाठीवर थाप मारून गेले, तेही इकडे तिकडे बघून. बरेचसे म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. जुन्या खात्यातल्या एकाने नाक्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "काय रायटर, खाल्ल्या मिठाला जागलास?" घरत म्हणाले, "उशीर झाला जागायला." नितीनची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. जाताना तो आईच्या पाया पडला आणि बापासमोरून तसाच निघून गेला. शेवंताकाकू पुष्कळ दिवस घरतांशी बोलत नव्हती. जेवण वाढायची, ताट पुढे ठेवायची आणि आत जायची.

आयोगाचा आदेश यायला वर्ष उलटलं. सोमी तेव्हा वाडीवर होती, निरोप मिळताच मुलीला कडेवर घेऊन आली. घरतांनी वाचून दाखवलं, मराठी करत करत. पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या मारहाणीमुळे चंदरचा मृत्यू झाला, त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग झाला; राज्याने त्याच्या बायकोला मदत द्यावी आणि दोषींवर कारवाई करावी, अशी शिफारस.

"मारहान म्हनलंय?" सोमीने विचारलं.

"म्हनलंय."

"परत वाचा."

तिने तीनदा वाचायला लावलं. मग कागद घेतला, ते शब्द कुठे आहेत ते बोटाने विचारून घेतलं आणि त्या जागेवर अंगठा फिरवला. आणि मग म्हणाली, "ज्यांनी मारला, त्यांचा काय?"

"आयोग शिक्षा करत न्हाय, बाय," घरत म्हणाले. "तो सांगतो. करायची सरकारनं."

सरकारने काय केलं ते सांगून टाकते. मारणाऱ्या तिघांपैकी दोघांची बदली केली. तिसरा अजून तिथेच आहे. बाजाराच्या दिवशी नाक्यावर दिसतो, मासळीचा भाव करत असतो. सोमीही दिसते. एकदा दोघांना एकाच टोपलीशी उभं राहिलेलं मी बघितलं आहे, आणि तेव्हा त्याने नाही, तिने बाजूला सरून वाट दिली.

सोमी गेल्यावर घरत आदेशाचं शेवटचं पान वाचत बसले. ते त्यांनी तिला वाचून दाखवलं नव्हतं. मला दाखवलं. दोनच ओळी होत्या. साक्षीदाराने उल्लेख केलेल्या दुसऱ्या मृत्यूस एक वर्षाहून अधिक काळ लोटला असल्याने, नियमानुसार आयोगास त्याची दखल घेता येत नाही.

"गंगारामची मुदत संपली," ते म्हणाले.

मी काहीतरी समजुतीचं बोलले. की कायदा आहे, की त्यांनी त्यांच्याकडून केलं, की पेन्शनही वाचलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मी कबूल केलंय गो. लिवून दिलंय. आनि मना कोनीच आरोपी करत न्हाय." मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

घरत आदेशानंतरच्या हिवाळ्यात गेले, घरीच, झोपेत. नितीन आला होता, त्याने अग्नी दिला. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते त्याआधीच्या एका सकाळचे. दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होते. म्हणाले, "स्कूटरवर सोडशील का मना? काशीदच्या रस्त्याला, डोंगराकडं वलायचं." कुठे, ते विचारायची गरज नव्हती; त्या वाडीचं नाव त्यांच्या कबुलीत मीच टाईप केलं होतं. डांबर संपलं तिथे मी थांबले. पुढे पायवाट, आणि शेदोनशे पावलांवर दहाबारा झोपड्या. मी म्हटलं, मी पण येते. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नको असंही म्हणाले नाहीत, म्हणून मी थोडं अंतर ठेवून मागून गेले.

पहिल्याच झोपडीच्या अंगणात एक म्हातारी बाई काटक्यांची मोळी सोडत बसली होती. घरत तिच्यासमोर उभे राहिले. हातात कागद नव्हता, खिशाला पेन नव्हतं.

"कोन पायजे?" तिने मान वर न करता विचारलं.

"गंगाराम हिलमच्या घरचं कोनी हाय का?"

"तो मेला. लय वर्सं झाली. मी त्याची बायको."

"व्हय," घरत म्हणाले. "कसा मेला, त्ये सांगाया आलोय."

बाईचे हात थांबले. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मोळी बाजूला सारली आणि म्हणाली, "बसा."